मागच्या पायावरची टोपली

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची चिल्कालला! दिवसभर बस आणि वर बोटीचे सहा तास. त्यातले चार मी कठड्याला मिठी मारून काढले. बाल्देमार बोटवाला म्हणाला, बाई, माशांना असं दर मंगळवारी वाढलंत तर ते माझी बोट सोडायचे नाहीत. मेला! पण धक्क्यावर माझी ट्रंक त्यानेच खांद्यावर घेतली. आत बरण्या किणकिणल्या तेव्हा डोळा मारून विचारलं, जामच्या का? म्हटलं, नाही, विषाच्या. मग घरापर्यंत गप्प चालला.

म्युझियमच्या तळघरात एकोणीस वर्षं मी किड्यांना टाचण्या टोचल्या. टाचण्या माझ्या, छापून आलेली नावं डॉक्टर बास्तीदासांची. उजव्या अंगठ्यावर त्याचा घट्टा पडलाय, वाटाण्याएवढा, पिवळा आणि टणक. आता एक्कावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी मला मोकळ्या हवेत सोडलंय. काम एवढंच, की तांबडा भुंगा या खोऱ्यात अजून आहे का ते बघायचं आणि असलाच तर त्याचं घरटं शोधायचं. आजूबाजूच्या सगळ्या खोऱ्यांतून तो गेला.

मालकीणबाई दोन्या एदुविना (दोन्या म्हणजे इथलं बाईसाहेब) सत्तरीच्या आहेत, बुटक्या, गोल, गालावर चुलीचा लाल रंग. त्यांच्या दोन मुली, दोघी बिनलग्नाच्या. थोरली लास्तेनिया लोकर कातते आणि टोमणे मारते. धाकटी नोल्फा गाई बघते आणि खिदळते. दारात चार कुत्री माझ्या अंगावर आली, तशी दोन्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्यावर टाकली. इथली रीत आहे म्हणे. नवं माणूस तीन दिवस घरच्या बाईची शाल पांघरतं, म्हणजे त्याला घराचा वास लागतो आणि कुत्री, कोंबड्या, गाई कुणी हरकत घेत नाही. शालीला धुराचा, लोकरीचा आणि दोन्यांचा वास आहे. कुत्री खरंच शेपट्या हलवायला लागली.

माळ्यावर लोकरीच्या ढिगाशेजारी माझी गादी घातलीय. जेवायला किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या जाडजूड भाकऱ्या होत्या, आत डुकराच्या चरबीचं सारण. तीन खाल्ल्या. दोन्या अजून घे, अजून घे करत बसल्या होत्या. मी अनाथाश्रमात वाढले, तिथे हे दोन शब्द कुणी उच्चारत नसे. चौथी मी लाजेकाजेस्तव सोडली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस झाले म्हणून शाल परत द्यायला गेले. दोन्या म्हणाल्या, राहू दे गं, तुला शोभते. ठेवून घेतली.

नोल्फा मला म्युझियमबाई म्हणते आणि जाळी खांद्यावर टाकून माझ्यामागे हिंडते. तिच्या मते भुंगे सगळे सारखेच, कुणी जाडे, कुणी बारीक. म्हटलं, बस इथे. काचेच्या नळीत एक भुंगी धरली आणि दाखवलं. बूड बघ, पांढरं. पिवळे पट्टे मोज, दोन. तोंड आखूड. ही टोमॅटोच्या काचघरांसाठी परदेशातून आणली आणि तिथून पळाली. मग दुसरी धरली. बूड पांढरंच, पण पट्टे तीन आणि तोंड घोड्यासारखं लांब. नोल्फा ओरडली, अय्या, ही तर आमची लास्तेनिया! लास्तेनियाने खिडकीतून ऐकलं आणि चाती फेकून मारली. नेम चांगला आहे तिचा.

तांबडीला पट्टेच नाहीत. डोक्याच्या मागून बुडापर्यंत नुसती केशरी लव, आणि राणी तर उंदराच्या पिल्लाएवढी. पण नोल्फाकडून एक गोष्ट मी घोकून घेतली, की रंगावर जायचं नाही. रंग उन्हाने विटतो, रंग फसवतो. मागचा पाय बघायचा. कामाच्या मादीच्या मागच्या नडगीवर एक चपटी चकचकीत जागा असते आणि तिच्या कडेने ताठ केसांचं कुंपण. ती परागाची टोपली. नराला ती नसते. युरोपात काही भुंग्या अशा आहेत, की मादी असूनही त्यांना टोपली नसते. त्यांना कोकिळा म्हणतात. त्या घरटं बांधत नाहीत, पराग आणत नाहीत. दुसरीच्या घरट्यात शिरून दोन-चार दिवस कोपऱ्यात दडून बसतात, तिथला वास अंगाला लागू देतात. मग तिथल्या राणीला मारतात, आणि त्याच राणीच्या मुली या बयेला आणि तिच्या पोरांना पोसतात.

नोल्फाने छातीवर क्रूस काढला. विचारलं, मुलींना आपली आई ओळखू येत नाही? म्हटलं, त्या वासावर जातात, पायाकडे कुणी बघत नाही. आणि घाबरू नकोस, आपल्या देशात त्या नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कपाळावर हात मारून घ्यायची वेळ. आठ दिवस मी काटेरी झुडपांतून ओरबाडून घेतेय आणि आज दोन्या सहज म्हणतात, तांबडी ना? अगं, ती आमच्या सरपणाच्या खोपटात असते, दरवर्षी. मग सांगायचं नाही? तर म्हणतात, तू कुठे विचारलंस?

खोपटाच्या भिंतीत, जमिनीलगत एक भोक आहे. दर वसंतात घरची बाई त्यात पहिल्या कातरणीची मूठभर लोकर आणि आपल्या शालीची चार दशा तोडून घालते. दोन्यांची आई घालायची, तिची आई घालायची. कारण विचारलं तर म्हणाल्या, पाहुणीला अंथरूण घालायला कारण लागतं का?

फळी काढली आणि लोकरीत बघितलं. राणी! आणि तिच्या सहा मुली. मी त्या लाकडाच्या भुशात बसून चक्क रडले. राणीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, वरून काच बसवली. मागचे पाय तपासले, टोपल्या भरलेल्या, पिवळ्याधमक. या अख्ख्या खोऱ्यात ही एकच असणार. दोन्यांनी रानबोरांच्या मुरंब्याची बरणी उघडली. लास्तेनिया म्हणाली, एका माशीसाठी मुरंबा, मी चाळीस वर्षं राबतेय, माझ्यासाठी नाही कुणी उघडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्यावं.

सकाळी काचेतून बघितलं तर लोकरीच्या तळाशी एक आठवी. केशरीच. पण लव विरळ, मधून काळी पाठ चकाकते. पंख धुरकट. भिंग लावलं. मिशांची पेरं बारा, म्हणजे मादी. मागचा पाय गोल आणि केसाळ. टोपली नाही. पुन्हा बघितलं, चार वेळा बघितलं. नाही.

आपल्या देशात त्या नाहीत. आणि ही माझ्यासमोर दोन्यांच्या लोकरीत दडून बसलीय, वास लागायची वाट बघत.

चिमट्याने उचलून बरणीत टाकायला दोन क्षण पुरले असते. राणी वाचली असती. मी चिमटा उचलला आणि खाली ठेवला. बरणीतल्या एका मेलेल्या भुंगीवर डॉक्टर म्हणतील, सुनिल्दा, तुझा चष्मा बदल. पण तिने घरटं कसं बळकावलं ते मी पाहिलं आणि दिवस-वार घालून लिहिलं, तर ते माझं. तिला माझं नाव द्यावं लागेल. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिलीत.

काच परत लावली. दोन्यांना सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बाल्देमारबरोबर डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. शोध चालू आहे, विशेष काही नाही.

दुपारी एक विचित्र प्रकार झाला. आम्ही चुलीभोवती येर्बा, म्हणजे पाल्याचा कढत चहा, प्यायला बसलो होतो. किटली घरच्या बाईच्या हातात असते. तीच भोपळ्याच्या तुंब्यात पाल्यावर पाणी ओतते, पहिला घोट तीच घेते, मग तुंबा एकेकीकडे जातो. दुसरं कुणी किटलीला हात लावत नाही. लास्तेनिया बेचाळीस वर्षांची आहे, तिने लावलेला नाही. शहरातही आम्ही हे पाळतो, मला काही कुणी शिकवायला नको. पण दोन्यांना एकदम चक्कर आली, किटली कलली, आणि मी ती धरली. पोळतील म्हणून धरली. आणि हातात होतीच, म्हणून ओतलं. आणि ओतलं, म्हणून पहिला घोट घेतला.

मला वाटलं आता लास्तेनिया मला फाडून खाणार. तिने हात पुढे केला आणि निमूट माझ्याकडून तुंबा घेतला. मग नोल्फाने घेतला. दोन्यांना सगळ्यांत शेवटी मिळाला, तेव्हा पाणी गार झालं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ती बाहेर आली. घरट्याच्या मध्यावर बसलीय. मुली जवळ येतात, मिशांनी हुंगतात आणि बाजूला होतात. एकीने तर तिला मध भरवला. राणी कडेला सरकलीय, पांढरा ठिपका फारसा हलत नाही.

हे सगळं मी आनंदाने लिहायला हवं. पण घरात काहीतरी मला आवडत नाहीये.

कुत्री माझ्या पायाशीच असतात. लास्तेनियाने माझ्यासाठी नवे मोजे विणून दिले, एकही टोमणा न मारता. रश्शाची पहिली वाटी मला येते. आज संध्याकाळच्या उन्हात लक्षात आलं, की मी चुलीजवळ दोन्यांच्या खुर्चीत बसलेय. कधीपासून कोण जाणे. दोन्या दाराशी बाकावर होत्या, जिथे वारा लागतो. ताडकन उठले, हात जोडून माफी मागितली. बस गं, म्हणाल्या, तुझे पाय दुखत असतील.

पाय कशाने दुखणार? आज दिवसभर मी काहीच केलं नाही. मी! रविवारीसुद्धा जिचे हात शिवशिवतात ती मी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बोट सकाळी येऊन गेली. दुपारी दोन्या माझा दंड धरून खोपटात आल्या. फार हळू चालतात आता. काचेखाली बघून विचारलं, ही दुसरी कोण? त्यांना भिंगसुद्धा लागलं नाही.

सगळं सांगितलं. चिमट्याचंही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, पोरी, तुला माहीत होतं आणि तू बघत बसलीस? मग माझा उजवा हात घेतला, उलटा केला, अंगठ्यावरून आपलं खरखरीत बोट फिरवलं. म्हणाल्या, तू वाईट नाहीस. पण तू जा. मुली मला काही विचारत नाहीत आता. काल मी मीठ मागितलं तर लास्तेनिया तुझ्याकडे बघून थांबली, देऊ का म्हणून.

मी त्यांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली, की पुढच्या मंगळवारी मी त्या बोटीत असेन. त्यांचा गळा किती बारीक झालाय. मला आई असती तर अशीच हवी होती, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, माहितेय गं. सहा दिवस काढायचेत. मी गेले की त्या सावरतील.

आत्ता अंगठा बघितला. घट्टा लहान झालाय. काम नाही म्हणून असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

राणी मेली. उताणी. सहापैकी चार पाय नाहीत. तिच्या मुली तिच्यावरून चालत ये-जा करत होत्या.

मला एकदम दोन्यांचा गळा आठवला. नाव नको, शोध नको, काही नको. मी काच फेकली आणि त्या बयेला चिमट्यात धरलं. अंग असं टणक, की चिमटा घसरला. बोटांनी चिरडली. मरता मरता डसली, उजव्या अंगठ्यात, बरोबर घट्ट्यावर. मेली पण. खात्री केली.

वाटलं, संपलं. तेवढ्यात त्या सहा मुली लोकरीतून वर आल्या, टोपल्या भरलेल्या. मला वाटलं चावणार. एकेक करून माझ्या शालीवर येऊन बसल्या. माझ्या बाहीवर पराग झाडायला लागल्या.

मी शाल चुलीत टाकली. लास्तेनियाने दुसरी आणून दिली. तीही दोन्यांचीच.

३० नोव्हेंबर, रविवार

घट्टा नाही. अंगठा गुळगुळीत. एकोणीस वर्षांचा घट्टा दोन दिवसांत जात नाही.

हातांवरची लव गेलीय. कातडी ताठ झालीय, चकाकते. नोल्फाने बघितलं आणि नजर वळवली.

लास्तेनिया दोन्यांबद्दल बोलताना त्या बाई म्हणाली. त्या बाईंना खोकला फार, तुला झोप लागत नसेल. मला तू म्हणाली. मी म्हटलं, कोण बाई? ती तुझी आई आहे, सटवे! ती माझ्याकडे लहान मुलासारखी बघत राहिली, मी उगाच रागावले म्हणून.

परवा बोट. फक्त परवापर्यंत.

२ डिसेंबर, मंगळवार

मी गेले नाही.

ट्रंक भरली होती, बूट घातले होते. दोन्यांनी मला दारातून बघितलं आणि मान हलवली, जा. लास्तेनिया म्हणाली, एक तुंबा घेऊन तर जा. किटली माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, एकच.

बोटीचा भोंगा ऐकला. दोनदा. उठायचं मनात होतं, शपथ, मनात होतंच. मग ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होतं आणि माझे बूट कुणीतरी काढून ठेवले होते.

ट्रंक रिकामी आहे. माझे कपडे दोन्यांच्या कपाटात, घड्या घालून.

४ डिसेंबर, गुरुवार

दोन्या माळ्यावर, माझ्या गादीवर, लोकरीच्या ढिगाशेजारी. मी त्यांच्या पलंगावर. हे कुणी केलं? दोघी म्हणतात, तूच सांगितलंस.

दोन्यांना कुणी जेवायला देत नाही. मुद्दाम नव्हे. विसरतात. चुलीवरून रश्शाची वाटी घेऊन मी स्वतः निघाले. जिन्याच्या मध्यावर कळलं, की वाटी रिकामी आहे. माझं तोंड पुसलं. हाताला रस्सा लागला.

परत गेले, दुसरी घेतली. तीही —

देवा, मला भूक नव्हती.

६ डिसेंबर, शनिवार

नोल्फा! नोल्फा अजून आहे.

गोठ्यात गाठलं. तिने माझ्यापासून दोन हात लांब उभं राहून अंगठा दाखवा म्हटलं. दाखवला. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, म्युझियमबाई, रंगावर जायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. म्युझियमबाई म्हणाली. तुम्ही म्हणाली. मला रडू आवरेना.

ठरलं. मंगळवारी ती आईला पाठुंगळी घेऊन बोटीवर जाणार. तोपर्यंत मला बटाट्यांच्या कोठीत कोंडायचं, किल्ली तिच्या गळ्यात. मी ओरडले, विनवलं, शिव्या दिल्या तरी उघडायचं नाही. आणि माझ्याकडून येर्बा प्यायची नाही. तिने आधीच सोडलीय, म्हणाली. पण डोकं दुखतं. पण तुमच्याजवळ उभं राहिलं की थांबतं.

मी तिला ढकलून दिलं.

७ डिसेंबर, रविवार

कोठीत. फटीतून ऊन येतं. वही आणि पेन्सिल आहे. दार जाड आहे, छान.

वर माळ्यावर दोन्या खोकतात, ते ऐकू येतं. खोकतात म्हणजे आहेत. मोजतेय. दोन दिवस, दोन्या, दोनच दिवस.

दुपारी नोल्फा दाराशी आली. फटीला नाक लावून बराच वेळ नुसती श्वास घेत होती. मी म्हटलं, जा. जा पोरी. गेली.

पुन्हा आली.

८ डिसेंबर, सोमवार

दार उघडं आहे.

किल्ली माझ्या खिशात. मला काही आठवत नाही. सकाळ आहे, मी खुर्चीत आहे, चूल पेटलेली. वरून खोकला नाही.

नखांत लोकर अडकलीय. पांढरी.

लोकर नाही ती. केस आहेत.

माळ्यावर गेले नाही. लास्तेनिया वर-खाली करतेय, चादर घेऊन गेली, गुणगुणत. मी विचारलं, दोन्या? ती म्हणाली, कोण?

मी चिमटा खाली ठेवला होता. दोन क्षणांचं काम होतं. दोन्या, मी तुमच्या गळ्याशी हात —

लास्तेनिया दाराशी बसून मोजे विणतेय. एवढे एवढे, बोटभर. चार झाले, पाचवा सुईवर. कुणाचे म्हटलं तर लाजून हसली. माझ्या पोटाकडे बघत होती.

एक्कावन्न वर्षं वय आहे माझं.

९ डिसेंबर, मंगळवार

भोंगा. बोट आली.

लिहून ठेवते, कुणीतरी ओळखावं म्हणून. लव: नाही. कातडी: टणक, चकचकीत. घट्टा: नाही. काम: करत नाही. वास: घराचा. सुनिल्दा रेयेस, म्युझियमची. रंगावर जाऊ —

धक्का खिडकीतून दिसतो, वारा इकडचा म्हणून बोलणंही ऐकू येतं. नोल्फा तिथे आहे. एकटीच. पाठीवर कुणी नाही. बाल्देमार विचारतोय, ती विषाच्या बरण्यांवाली बाई कुठाय? हसतोय. ओरडायचंय. ओरडतेय असं वाटतं, पण चुलीशेजारचं मांजरसुद्धा हलत नाही.

नोल्फा, सांग. सांग त्याला. तुला माहीत आहे. तू अंगठा बघितलास.

नोल्फा म्हणतेय, त्या होय, त्या गेल्या हो घोड्यावरून, डोंगराकडून. आणि आई ना, छान आहे. खाते-पिते. आता काही काळजी नाही.

भोंगा. एकदा.

उठायचं. बूट नकोत. असंच पळायचं, धक्का दोनशे पावलं.

नोल्फा आत आली. दार लावलं. म्हणाली, आई, तुला वारा लागेल. शाल नीट केली. तिचे हात गार आहेत, भरलेले, पिवळे. किटली माझ्या हातात दिली. दोघी समोर बसल्यात, वाट बघत. मी घेतल्याशिवाय त्यांना मिळणार नाही. किती थकल्यात पोरी.

भोंगा. दुसरा. निघताना तो तीनदा वाजवतो, अजून एक आहे. एवढा पहिला घोट घेते आणि उठ